हरिहरेश्वरला जा, एकट्याने!

दोस्तांनो, एक प्रश्न विचारू? प्रवास तर तुम्ही आजवर पुष्कळ केला असेल. मामाच्या गावाला गेला असाल, लग्नांना गेला असाल, शाळेच्या सहलीत शेवटच्या बाकावर बसून घसा बसेपर्यंत गाणी म्हटली असतील. पण यातला एक तरी प्रवास असा होता का, की गाडी तुम्ही शोधली, तिकीट तुम्ही काढलं आणि 'ऊठ, आपलं ठिकाण आलं' असं म्हणायला शेजारी कुणीही नव्हतं?

नव्हता ना? मग हा लेख तुमच्यासाठीच आहे.

पहिल्यांदा एकट्याने जायचं तर ठिकाण कसं हवं? फार लांब नको. रोजच्या पायाखालचंही नको. थेट गावात एस.टी. जायला हवी. राहण्याजेवणाची घरगुती सोय हवी. गाव इतकं लहान हवं, की वाट चुकली तरी दहा मिनिटांत पुन्हा देवळापाशीच यावं! आणि तिथे पाहण्यासारखं असं काहीतरी हवं, की घरी आल्यावर आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटावं. माझ्या मते रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं हरिहरेश्वर या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतं. कशावरून म्हणाल, तर पंधराव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटा गेलो तो तिथेच. आणि तिथून एक महत्त्वाचं काम अर्धवट टाकून परत आलो. ते काय, ते पुढे येईलच.

आधी नकाशा उघडा. मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव शोधा. तिथून समुद्राच्या दिशेला वळलं की म्हसळा, मग श्रीवर्धन आणि मग हरिहरेश्वर. माणगावपासून अंतर साधारण साठ किलोमीटर. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून माणगावपर्यंत रेल्वेनेही येता येतं. पुण्याची मुलं ताम्हिणी घाट उतरतात ती माणगावलाच येतात. साठ किलोमीटर म्हणजे तासाभराचा रस्ता असं मात्र समजू नका हं! डोंगर चढायचा, उतरायचा, खाडीला वळसा घालायचा, पुन्हा डोंगर. पोटात डचमळणाऱ्यांनी आवळासुपारी खिशात ठेवावी आणि खिडकीची जागा धरावी.

मी निघालो होतो पनवेलहून. दिवाळीची सुट्टी होती. हरिहरेश्वर आमचं कुलदैवत. कोकणातल्या कितीतरी घराण्यांचं आहे, पेशव्यांचंही होतं. आमची आजी दरवर्षी न चुकता जायची; पण त्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. बाबांना रजा नव्हती. मी सहज म्हणालो, ''मी जाऊन येऊ?'' आणि गंमत बघा, घरात कुणी हसलं नाही! आई गप्प बसली, बाबांनी चष्मा पुसला आणि आजी म्हणाली, ''जाईल की. नारळ दे, माझ्या नावाने प्रदक्षिणा घाल आणि ये.''

प्रदक्षिणा म्हणजे काय, हे तेव्हा मला नीट ठाऊक नव्हतं. देवळाभोवती एक फेरी, एवढंच वाटलं.

पहाटेच्या गाडीत बसलो. तेव्हा मी अंगाने इतका किरकोळ होतो, की कंडक्टरकाका न विचारताच अर्धं तिकीट फाडायला लागले. मी ताठ बसून म्हणालो, ''फुल्ल द्या. पंधरा पूर्ण आहेत.'' शेजारचे आजोबा हसले. ''लोक वय चोरतात, हा वाढवून सांगतोय!'' खरं तर मी काहीच वाढवलं नव्हतं. पण एकट्याने प्रवास करायचा तर वय हा मोठा नाजूक विषय असतो बरं का! हरिहरेश्वरच्या दक्षिणेला, सावित्री नदी ओलांडली की मंडणगड तालुका आणि त्याच्या पुढे दापोली तालुका लागतो. दापोली तालुक्यातल्या मुरूड गावच्या एका सतरा वर्षांच्या मुलाची गोष्ट ऐका. १८७५ साली सहावीची सरकारी परीक्षा द्यायला तो सोबत्यांबरोबर सह्याद्री चढून चालत साताऱ्याला गेला. शंभर मैलांहून जास्त वाट, तीही पावसात. आणि तिथे परीक्षेच्या साहेबाने त्याच्याकडे एक नजर टाकून सांगितलं, की हा सतराचा दिसतच नाही. झालं! परीक्षेला न बसताच तो परत आला. पुढे तोच मुलगा महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणून सगळ्या देशाला माहीत झाला. तेव्हा कुणी तुम्हांला 'बाळ, कुणाबरोबर आलास?' असं विचारलं, तर चिडू नका.

पण उत्तर काय द्यायचं? हे आईबाबांशी बोलून आधीच ठरवून ठेवा. मला आईने बजावलं होतं, ''कंडक्टर, दुकानदार आणि देवळातले गुरुजी सोडून कुणालाही एकटा आहे म्हणायचं नाही. काका मागच्या गाडीने येताहेत म्हणायचं.'' खोटं बोलू नये हे खरं, पण इतकं चालतं! पैसे दोन ठिकाणी ठेवा. कंडक्टरच्या जवळची जागा पकडा. आणि उतरल्या उतरल्या सगळ्यांत आधी परतीच्या गाडीची वेळ विचारून कागदावर लिहा. हो, कागदावरच. मोबाईल असतो हल्ली सगळ्यांकडे, पण डोंगराआड गेला की त्याची रेंज जाते आणि फोटो काढून काढून बॅटरीही. मैत्रिणींनो, तुमच्यासाठी तर एक जास्तीची चांगली बातमी. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना सरसकट निम्मं तिकीट आहे. तुम्ही पंधराच्या असा नाहीतर पन्नासच्या. म्हणजे भावाच्या एका तिकिटात तुमचं जाणंही आणि येणंही!

श्रीवर्धनला गाडी बदलली. मध्ये तासभर होता म्हणून वाड्यांमधून चक्कर मारली. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, आत नारळी-पोफळी, आणि सगळीकडे हिरवा काळोख. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला पाच-सात वर्षं जातात, तेव्हा आज तुम्ही गेलात आणि मधूनच मोकळं आकाश दिसलं, तर ते का, ते तुम्हांला कळेल.

याच गावातून एके काळी एक तरुण रातोरात निघाला होता. त्याला काही सहल करायची नव्हती. जंजिऱ्याच्या सिद्दीचा ससेमिरा मागे लागला होता. बाणकोटची खाडी ओलांडून तो पलीकडे वेळासला गेला, तिथले भानू बंधू त्याच्याबरोबर निघाले, आणि ही मंडळी घाट चढून देशावर गेली, असं सांगतात. तो तरुण म्हणजे बाळाजी विश्वनाथ भट. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी त्याला पेशवेपद दिलं. आणि भानूंच्या घराण्यात पुढे नाना फडणवीस झाले. इतिहासाच्या पुस्तकात ही माणसं पगड्या घालून बसलेली असतात. पण श्रीवर्धनच्या त्या बोळात उभं राहिलं, की वाटतं, निघताना यांच्याही पोटात गोळा आला असेल की नाही?

माझ्या पोटात तर आला होता. श्रीवर्धनहून हरिहरेश्वरच्या गाडीत बसलो तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की या गाडीत मला ओळखणारं एकही माणूस नाही. दुपारी साडेबाराला उतरलो. समोर समुद्र, मागे डोंगर, मध्ये कौलारू घरं. आणि मी.

हरिहरेश्वरला दर्शनाचा एक क्रम आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि मग पुन्हा काळभैरव. काळभैरव हा इथला राखणदार. त्याला विचारून आत जायचं आणि बाहेर पडतानाही सांगून निघायचं. मला हे फार आवडलं. आमच्या सोसायटीतही असंच असतं! मुख्य देवळात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती अशा चार देवता आहेत. या गावाला दक्षिण काशी म्हणतात. मी नारळ दिला, आजीचं नाव सांगितलं, नमस्कार केला. देवळाभोवती एक फेरी मारली आणि झालं काम म्हणून चपला घालायला निघालो. तर गुरुजी म्हणाले, ''अरे, ही नव्हे प्रदक्षिणा. प्रदक्षिणा डोंगराला.''

दोस्तांनो, हीच हरिहरेश्वरची खरी गंमत. इथे प्रदक्षिणा घालायची ती आख्ख्या टेकडीला. देवळाच्या बाजूने वर चढायचं, पलीकडे दोन उंच कातळांच्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्यांनी खाली उतरायचं. ती फट संपते आणि एकदम समोर उघडा समुद्र! तिथून टेकडीच्या पायथ्याच्या खडकावरून चालत चालत पुन्हा देवळाच्या किनाऱ्याला यायचं. साधारण तासाभराची वाट. एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला लाटा.

भूगोलात 'तरंगघर्षित मंच' असा एक दातांना व्यायाम देणारा शब्द आहे. पाठ करताना मला तो कधी आवडला नाही. पण इथे तुम्ही त्या शब्दावरून चक्क चालता! लाटांनी हजारो वर्षं कड्याचा पायथा कापून कापून केलेला हा सपाट ओटा आहे. कडा मागे मागे सरकला आणि पुढे हा ओटा उरला. खडक दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचा. कड्याकडे नीट बघा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसेल. एवढी नाजूक जाळी कुणी कोरली? मिठाने! लाटांचे तुषार खडकाच्या बारीक भेगांत मुरतात, उन्हात पाणी उडून जातं, मागे मिठाचे कण उरतात. ते फुगतात आणि खडकाचा कण कण सुटा करतात. छिद्र पडलं की त्यात आणखी पाणी, आणखी मीठ. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ डोंगर पोखरतं, हे मला पुस्तकात वाचून पटलं नसतं.

फक्त एक मोठी अट आहे. हा ओटा ओहोटीलाच उघडा असतो. भरतीला पाणी थेट कड्याला भिडतं, आणि मग एका हाताला कडा नि दुसऱ्या हाताला लाटा ही मजा राहत नाही; दोन्ही बाजूंनी कोंडी होते. इथे माणसं वाहून गेली आहेत. वाटेवर सूचनांचे फलक आहेत आणि ते शोभेसाठी लावलेले नाहीत. पावसाळ्यात तर या वाटेचं नावही काढायचं नाही.

मी हे ऐकलं आणि म्हणालो, हो हो. आणि मग काय केलं? खानावळीत पोटभर जेवलो. भाकरी, वालाची उसळ, सोलकढी दोनदा. ओसरीवर जरा पाठ टेकली. डोळा लागला. उठून निघालो तेव्हा पावणेचार वाजले होते.

पायऱ्यांच्या वर एक मावशी कोकम सरबत विकत होती. ''एकटाच काय रे? पाणी भरतंय हां,'' ती म्हणाली. मी मान डोलावली आणि उतरलो. खाली गेलो तर समोर एवढा मोठा कोरडा खडक पसरलेला! समुद्र चांगला लांब. मला हसूच आलं. मोठी माणसं उगाच घाबरवतात. समोरून एक कुटुंब घाईघाईने परत येत होतं, त्यांच्या पँटी गुडघ्यापर्यंत ओल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण बोललं कुणी नाही. मी पुढे निघालो. जाळीत बोटं घालून पाहिली, डबक्यातले खेकडे हुसकले. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग एक घळ आली.

घळ म्हणजे खडकाला पडलेली चीर. फार रुंद नव्हती. लांब ढांग टाकली असती तर पलीकडे. पण तिच्यात पाणी आत-बाहेर करत होतं, आणि आत येताना बाहेर जाण्यापेक्षा थोडं जास्त येत होतं. पलीकडे वाट कड्याआड वळत होती. वळणापुढे काय, ते दिसत नव्हतं. मी एक युक्ती केली. पाण्याच्या कडेला कालवं चिकटलेला एक उंचवटा होता, त्याच्यावर नजर ठेवली आणि मनात आकडे मोजायला लागलो. दोनशेपर्यंत पोचायच्या आत तो उंचवटा बुडाला. मग माझं लक्ष कड्याकडे गेलं. तिथेही कालवं होती. माझ्या डोक्याच्या उंचीवर! पाणी तिथवर येत असल्याशिवाय ती तिथे कशाला राहतील?

आता खरी पंचाईत. बाबा असते तर एका शब्दात निकाल लागला असता. 'चल मागे.' आणि मी कुरकुरत गेलो असतो. सरांबरोबर असतो तर शिटी वाजली असती. इथे शिटी वाजवणारा मीच आणि ऐकणाराही मीच. आजीचं काम अर्ध्यात सोडायचं? नारळ तर तिने माझ्या हातात विश्वासाने दिला होता. शिवाय घरी जाऊन सांगणार काय, की समोर कोरडा खडक होता आणि मी घाबरलो? उडी तर सहज जमली असती. तुम्हांला म्हणून सांगतो, एक पाय मी उचललाही होता.

मग मागे फिरलो. कुणी पाहत नव्हतं, तरी मान खाली घालून चाललो. पण येताना ज्या जागी चपलांचा फटफट आवाज करत कोरडा गेलो होतो, तिथे आता घोटाभर पाणी होतं. पुढचं अंतर मी चाललो नाही, पळालो. मावशीने काही विचारलं नाही. सरबताचा पेला पुढे केला आणि पैसे मात्र मोजून घेतले!

संध्याकाळी टेकडीवरून खाली पाहिलं. ओटा नव्हता. घळ नव्हती. पांढरा फेस कड्यावर आपटून वर उडत होता आणि त्याचा आवाज छातीत ऐकू येत होता.

रात्री खानावळीच्या काकांना हे सांगितलं, तर ते रागावले नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवून म्हणाले, ''आज तिथी कुठली?'' दशमी होती. ''दहाचे पाऊणपट किती?'' साडेसात. ''म्हणजे साडेसातला पूर्ण भरती. सकाळी आणि संध्याकाळी. त्यात सहा मिळव, दीड वाजता पूर्ण ओहोटी. तू जेवत होतास तेव्हा जायला हवं होतंस!'' कोकणातल्या या किनाऱ्यावर हा हिशेब कोळ्यांना, वाडीवाल्यांना तोंडपाठ असतो. तिथी शुद्ध असो की वद्य, तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पाच-दहा मिनिटं नव्हे, कधी अर्धा तासही इकडेतिकडे होतो, पण मोबाईल, इंटरनेट काही नसताना शंभर वर्षांपूर्वीच्या माणसालाही ही वेळ बोटांवर काढता येत होती. असं का होतं? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरतीही त्याच्यामागून रोज तेवढीच उशिरा येते. तिथी म्हणजे चंद्राचंच घड्याळ. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात, ती उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराला त्यांची ओढ काटकोनात असते, तेव्हाची ती भांगाची, कमी जोराची. हल्ली भरतीच्या वेळा मोबाईलवरही मिळतात. त्याही बघा, पण एकदा तिथीवरून स्वतः काढून ताडून पाहा. आणि गावातल्या माणसाला तर विचाराच.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांत कामाची. पाणी सहा तासांत चढतं, पण सारखं चढत नाही. एकूण चढणीचे बारा भाग करा. पहिल्या तासात एकच भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन तीन, मग दोन आणि शेवटी एक. कळलं का कुठे फसतो ते? ओहोटीनंतरचा पहिला तास पाणी जवळजवळ हलतच नाही. माणूस म्हणतो, हॅं, काही होत नाही! आणि नेमका तो मध्यावर पोचतो तेव्हा पाणी धावायला लागतं. दीडला ओहोटी, मी उतरलो पावणेचारला. म्हणजे तिसरा तास सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती. म्हणून प्रदक्षिणा ओहोटीच्या आधी सुरू करून पाणी वळायच्या आत संपवायची, ओहोटी झाल्यावर नव्हे.

त्या रात्री झोप लवकर आली नाही. पहिल्यांदा एकटं झोपताना येतच नाही. कुठल्याशा कौलावर मांजर चाललं तरी छातीत धडधडतं. मी समुद्राचा आवाज मोजत पडलो.

बरं, हरिहरेश्वरला एकट्याने येणारे आपणच असतो असं समजू नका! १८ ऑगस्ट २०२२ ला या किनाऱ्याला एक बोट आली. आत माणूस एकही नाही, पण तीन एके-४७ रायफली! सगळा महाराष्ट्र हादरला. शोध घेतला तेव्हा कळलं, की 'लेडी हान' नावाची ही नौका मस्कतहून युरोपकडे निघाली होती. जूनमध्ये भर समुद्रात तिचं इंजिन बिघडलं, आतल्या माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि रिकामी बोट पावसाळी वाऱ्या-प्रवाहांबरोबर तरंगत तरंगत थेट इथे पोचली. ना नकाशा, ना नावाडी!

आणि दुसरी पाहुणी म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवी. हरिहरेश्वरला आणि पलीकडे वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ती रात्री येते, वाळूत शंभरएक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत निघून जाते. थांबत नाही. पन्नासएक दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि स्वतःच पाण्याकडे धाव घेतात. वेळासला माणसं या अंड्यांची राखण करतात, पण लाटेत शिरायचं ते पिल्लानेच. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका कासवीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक कासवी तर २०२५ च्या जानेवारीत कोकणात गुहागरला अंडी घालायला आली. भारताच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर. एस.टी.ने गेलो तरी आपण दमू!

दुसऱ्या दिवशी एकादशी. अकराचे पाऊणपट सव्वाआठ, त्यात सहा मिळवले की सव्वादोन. हिशेब मी उठल्या उठल्याच केला. दुपारी दीडला उतरलो असतो तर प्रदक्षिणा आरामात झाली असती. पण माझी परतीची गाडी होती साडेअकराची. संध्याकाळी आई पनवेलच्या स्टँडवर उभी राहणार होती. घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे होता, पण हरिहरेश्वरहून तो लागेल तेव्हा लागेल. मी खूप वेळ कालनिर्णयासमोर उभा राहिलो. आकडे काही बदलले नाहीत.

मग सकाळी हाताशी वेळ होता म्हणून बागमांडल्यापर्यंत जाऊन आलो. चार-पाच किलोमीटरवर सावित्रीचं मुख आहे. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेकडे जातात. सावित्री मात्र त्यांच्याकडे पाठ फिरवून पश्चिमेला उडी घेते, पोलादपूर-महाडवरून इथे समुद्राला मिळते. समोरच्या तीरावर बाणकोटचा किल्ला. मराठे त्याला हिम्मतगड म्हणत. १७५५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि फोर्ट व्हिक्टोरिया असं बारसं केलं. आता इथून पलीकडे वेसवीला फेरीबोट जाते, तिच्यात मोटारीसुद्धा चढतात. तुम्ही गेलात तर नुसतं जाऊन परत यायला हरकत नाही. पाण्यावरून किल्ला फार छान दिसतो.

साडेअकराची गाडी पकडली. निघण्याआधी काळभैरवाला सांगून निघालो. येताना खिडकीची जागा मिळाली, माणगावला बटाटेवडा खाल्ला, आणि संध्याकाळी पनवेलच्या स्टँडवर आई दिसली तेव्हा मी उगाचच सावकाश उतरलो.

घरी आजी दारातच बसली होती. प्रसादाचा नारळ तिच्या हातात दिला. तिने तो कपाळाला लावला आणि विचारलं, ''प्रदक्षिणा?''

येताना वाटेत मी तीन-चार उत्तरं तयार केली होती. 'झाली' हेही त्यातलं एक होतं. तिला कोण सांगणार होतं?

''नाही झाली,'' मी म्हणालो. ''पाणी भरत होतं. अर्ध्यातून मागे फिरलो.''

आजीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नारळ आईकडे देत म्हणाली, ''म्हणजे पुन्हा जायला हवं याला. मे महिन्याची तिथी बघून ठेव गं. आणि त्याला एकट्यालाच सोड हो, कुणी बरोबर जाऊ नका.''